बारावीनंतर वनशास्त्र : मुलगी ठाम आहे, आम्ही घरचे चाचपडतोय

दुधनाकाठ | ३ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. मी परभणी जिल्ह्यातला. सहा एकर कोरडवाहू आणि तालुक्याच्या गावी छोटं कृषी सेवा केंद्र.

थोरलीची बारावी सायन्स झाली. सीईटीचे गुण बरे आहेत. घरात सगळे धरूनच चालले होते की इंजिनिअरिंग, नाहीतर बीएएमएस. परवा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मला दापोलीला वनशास्त्राला जायचंय." आजी म्हणाली, "अगं, झाडं लावायला कॉलेज कशाला पाहिजे?" त्या रात्री कुणाचंच जेवण धड झालं नाही.

पोरीचं हे वेड आजचं नाही. नववीपासून ती एक वही ठेवते. दर रविवारी विहिरीत गाठी मारलेला दोर सोडायचा, किती गाठी कोरड्या राहिल्या ते मोजायचं, तारीख घालून लिहायचं. कुठल्या पावसानंतर पाणी किती चढलं, मोटर किती तास चालली, सगळं त्यात आहे. बांधावरची झाडंसुद्धा नंबर घालून लिहिलीत.

मला तिला अडवायचं नाही. पण बापाची झोप उडालीय हे खरं. नोकरी लागते का, की एमपीएससीच्या नादात पाच-सात वर्षं जातात? मुलीच्या जातीला रानावनातलं काम कितपत झेपतं? की आधी साधी बीएस्सी करून मग या वाटेला जावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

किंजळ | ३ जून, रात्री ११.१५

दादा, मी दापोलीचाच. कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय, चार वर्षांची पदवी. अशीच पदवी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही आहे. परभणीहून अकोला कितीतरी जवळ, तेही यादीत ठेवा. प्रवेश कृषी अभ्यासक्रमांच्या प्रक्रियेतूनच होतो. सातबारा असेल तर त्याचे वाढीव गुण मिळतात, कागद आत्ताच काढून ठेवा.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर देतो. वनमापन नावाचा विषय असतो. जमिनीपासून १.३७ मीटरवर खूण करायची आणि तिथे टेप गुंडाळून झाडाचा घेर घ्यायचा. ऐकायला सोपं. मग सर उतारावरच्या एका ऐनाच्या झाडापाशी नेतात आणि विचारतात, आता १.३७ कुठून मोजणार? चढाकडच्या बाजूने. वेल चढलेला असेल तर टेप वेलाच्या आतून घालायची. पावसात बुंध्यावर शेवाळ, टेप खाली घसरते, आणि ओंबिलांनी (चावऱ्या लाल मुंग्यांनी) हात भरून जातो. अशी शेकडो झाडं मोजली की जंगलात लाकूड किती उभं आहे, वाढतंय की घटतंय, किती काढलं तर चालेल, याचा हिशेब जमतो. याशिवाय बियाणं, रोपवाटिका, माती, लाकूडशास्त्र, वन्यजीव, शेतीवनशास्त्र, कायदे.

आमच्या बॅचचं सांगतो. चारजण वनखात्यात, तिघं बँकेत कृषी अधिकारी (त्या परीक्षेला वनशास्त्राची पदवी चालते), दोघं पीएचडी, एकीची लांज्याजवळ बांबू आणि औषधी झाडांची रोपवाटिका, काहीजण संस्थांत. मी नकाशांचं काम करतो, कार्य आयोजनांसाठी (म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापन आराखड्यांसाठी). चौघांनी लाइन सोडली. त्यातले दोघं परीक्षा देत देत तिशीला आले आणि मग सोडली. हे लपवत नाही.

सागरगोटा | ४ जून, सकाळी ७.५०

किंजळ यांनी शेवटचं वाक्य हळूच लिहिलंय, मी मोठ्याने लिहितो. मी अकोल्याचा पदवीधर. चार वर्षं झाडं, माती, वणवा, वन्यजीव शिकलो. आणि वनक्षेत्रपालाच्या परीक्षेला माझ्या शेजारी मेकॅनिकलवाला, केमिस्ट्रीवाला, पशुवैद्यकवाला बसतो, कारण पात्रता विज्ञान, अभियांत्रिकी अशा कितीतरी पदव्यांना खुली आहे. कर्नाटकात रेंज ऑफिसरच्या भरतीत वनशास्त्राच्या पदवीधरांसाठी जागा राखीव असतात. आपल्याकडे आमच्या पोरांनी या मागणीसाठी कितीदा उपोषणं केली. डॉक्टरच्या जागी वकील नेमत नाहीत, मग जंगलात का चालतं?

त्यामुळे काका, फक्त सरकारी नोकरीसाठी ही पदवी घेत असाल तर दहा वेळा विचार करा.

वाघोबाचीवाट | ४ जून, सकाळी १०.०५

मी तोच मेकॅनिकलवाला. सात वर्षं आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल आहे, विदर्भात.

सागरगोटा, तुमचा राग मला समजतो, कारण पहिल्या पोस्टिंगला माझी काय तारांबळ उडाली ते मला माहीत आहे. ट्रेनिंग दीड वर्षाचं होतं, चांगलं होतं. पण धावडा आणि ऐन यांच्यातला फरक मला साठीच्या एका वनमजुराने शिकवला. तो साल बोटाने खरवडून दाखवायचा. माझ्याबरोबरच्या दापोलीच्या मुलीला हे पहिल्या दिवसापासून येत होतं. तरी एक सांगतो. या खुर्चीत दिवसाचा बराच वेळ माणसांत जातो. पीकनुकसानीची प्रकरणं, अतिक्रमणं, बैल वाघाने मारला त्याचा पंचनामा, रोजंदारीची बिलं, कोर्टाच्या तारखा. हे ना तुमच्या कॉलेजात शिकवतात ना माझ्या.

काकांसाठी पक्की माहिती: सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल एमपीएससीतून. मुख्य परीक्षेत सामान्य विज्ञान आणि निसर्ग संवर्धन असा पेपर असतो, तिथे वनशास्त्रवाल्यांना घरचा अभ्यास पुरतो. मुलाखतीच्या टप्प्यावर चालण्याची चाचणी : पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, स्त्रियांना चार तासांत १४. भारतीय वनसेवा यूपीएससीतून, तिची पूर्व परीक्षा आयएएसवाल्यांबरोबरच होते.

तुळशीवृंदावन | ४ जून, सकाळी १०.३०

१४ किलोमीटर? आमच्या परभणीकडच्या मुली पाण्यासाठी एवढं चालूनच मोठ्या होतात. वाचतेय, छान धागा.

मांजऱ्या | ४ जून, दुपारी २.२०

धागा वनखात्यात अडकायच्या आत थोडा विहिरीकडे वळवतो.

दुधनाकाठ, तुमच्या मुलीची वही वाचून मी खुर्चीतून उठलो. मी भूजलाचं काम करतो, नगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या गावांमध्ये. आमच्या कामाची सुरुवातच विहिरींच्या यादीने होते. प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी, कठड्याची उंची, आणि विहिरीत उतरून दिसणारे थर. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. पण बेसॉल्ट सगळा एकसारखा नसतो. वरचा मुरूम पाणी धरतो, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक फुटका असेल तर बऱ्यापैकी देतो, काळा पाषाण भेग असेल तिथेच देतो. मधे लाल गेरूचा थर लागला तर पाणी त्याच्यावरून आडवं चालू लागतं. एका गावात ओढ्याच्या अलीकडच्या विहिरी मे महिन्यापर्यंत टिकायच्या, पलीकडच्या फेब्रुवारीतच तळ दाखवायच्या. लोक म्हणायचे जमिनीचं नशीब. मोजल्यावर दिसलं की गेरूचा थर एका बाजूला कललेला आहे. मग बंधारा कुठे घालायचा ते गावानेच ठरवलं.

हे करायला अशीच माणसं लागतात, जी तीन-चार वर्षं न चुकता दर रविवारी दोर सोडतात. हिवरे बाजारला आधी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात, ते याच जोरावर. नोकऱ्या म्हणाल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पाणलोटाच्या संस्था, भूजल योजनांचे जिल्हा पातळीवरचे गट. बऱ्याच जागा कंत्राटी असतात, पण काम पुष्कळ आहे. या बाजूला येण्यासाठी भूशास्त्राची बीएस्सी, कृषी अभियांत्रिकीतलं मृद व जलसंधारण, किंवा वनशास्त्र, तिन्ही वाटा चालतात.

तिला एवढंच सांगा की दोराच्या गाठींमधलं अंतर टेपने मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिही. तीन वर्षांच्या नोंदी एका झटक्यात मीटरमध्ये येतील.

दुधनाकाठ | ४ जून, रात्री ८.५५

मांजऱ्या, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. लगेच दोर घेऊन बसली. एक गाठ म्हणजे ५२ सेंटिमीटर. पण एक गाठ मधेच सरकून ६१ झालीय. आता ती केव्हा सरकली ते शोधायला तिने जुनी पानं काढलीत.

पळसबीट | ५ जून, पहाटे ५.३०

दादा, "मुलीच्या जातीला झेपतं का" याचं उत्तर द्यायला ड्युटीवर निघायच्या आधी लिहितेय. मी वनरक्षक. बारावी सायन्सवर भरती झाले, नऊ वर्षं झाली. बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा तुकडा, माझ्या एकटीच्या नावावर.

झेपतं. पण गोड करून सांगणार नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, त्याच्या आत जाळरेषा (आग अडवायला मोकळे केलेले पट्टे) काढून व्हाव्या लागतात. पुढे रात्री-अपरात्री फोन येतो. झाडाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपायची, धूर तोंडावर, आणि वारा फिरला तर पळायचं कुठे हे आधी ठरवून ठेवायचं. वाघांच्या मोजणीआधी ट्रान्सेक्ट चालावे लागतात, दोन किलोमीटरची सरळ रेष, काटं असो की नाला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबात आमची एक बहीण अशाच कामात वाघिणीच्या हल्ल्यात गेली. आम्ही दुसऱ्या आठवड्यात परत चाललो, पण चौघंचौघं मिळून.

मला त्रास जंगलाने कमी दिला, व्यवस्थेने जास्त. पहिल्या वर्षी ज्या ठिकाणी होते तिथे बायकांसाठी संडास नव्हता आणि राहायची खोली बिनकडीची होती. कडी मी स्वतः बसवली. आता मुली वाढल्यात, त्यामुळे बोलायला बळ आलंय. तुमची मुलगी पदवी घेऊन अधिकारी म्हणून आली तर तिच्या हाताखालच्या बायकांची कडी ती पहिल्या महिन्यात बसवेल. मला तिचं यायला हवंय.

वाघोबाचीवाट | ५ जून, सकाळी ९.१०

पळसबीट ताई, सलाम. आजच माझ्या रेंजमधली चौकी-खोल्यांची यादी काढायला सांगतोय.

मोहटोळी | ५ जून, दुपारी १.००

अजून कुणी ग्रामसभेचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. मी गडचिरोलीचा, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. गावांना जंगलावर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा. आमच्या जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि मग तिथल्या ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा या वाटेवर आल्या. हक्क मिळाला की दुसऱ्या दिवसापासून प्रश्न पडतो की जंगल सांभाळायचं कसं, आणि हिशेब कोण लिहिणार.

मी आठ ग्रामसभांबरोबर काम करतो. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, घरातली आजी संध्याकाळी दिव्यासमोर पानं लावत बसते, दोन्ही हातांनी, न बघता. कुणाचे किती पुडे आले हे फळीवर त्याच दिवशी लिहिलं नाही तर भांडण ठरलेलं. पावसाळ्यानंतर बांबूच्या बेटांची मोजणी : या वर्षीचे कोंब किती, जुने किती, कुठलं बेट यंदा तोडायचं नाही. हे सगळं व्यवस्थापन आराखड्यात जातं. वनशास्त्र शिकलेल्यांची इथे फार गरज आहे. गोंडी किंवा निदान झाडीबोली ऐकून समजून घेण्याची तयारी हवी.

सागरगोटा, तुम्ही परीक्षा देऊन थकला असाल तर इकडे या. मनापासून म्हणतोय.

सागरगोटा | ५ जून, दुपारी ४.४५

मोहटोळी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

बोरीचाबार | ५ जून, रात्री ९.३०

सगळे चांगलंच लिहितायत, माझा कडू अनुभव लिहितो. एमएस्सी पर्यावरणशास्त्र. पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत लागलो. २००६ च्या अधिसूचनेमुळे मोठ्या प्रकल्पांना हे अहवाल लागतातच, त्यामुळे या क्षेत्रात काम नेहमी असतं आणि पगार संस्थांपेक्षा बरा असतो. मी तीन दिवस सड्यावर (कातळाच्या पठारावर) फिरून यादी केली. त्यात पावसाळ्यातल्या सड्यावरच्या वनस्पती होत्या, दोन शिकारी पक्ष्यांची घरटी होती. छापून आलेल्या मसुद्यात घरटी नव्हती. विचारलं तर "तो तुमचा विषय नाही" म्हणाले. सहा महिन्यांनी सोडलं.

तरी मुलांनी या कामात यावं असंच मी म्हणेन. चांगला अहवाल लिहिणारा माणूस त्या खुर्चीत नसला की वाईट लिहिणारा बसतो. फक्त स्वतःच्या नोंदी, तारखा आणि फोटो कायम स्वतःजवळ ठेवावेत.

आजोळ | ६ जून, सकाळी ८.२०

मी निवृत्त प्राध्यापिका, वनस्पतिशास्त्र, पुणे. "आधी साधी बीएस्सी का" हा प्रश्न बाजूला पडलाय, त्यावर लिहिते.

दोन्ही वाटा पुढे एकत्र येतात. पदवीनंतर गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी आहे. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची संस्था आहे, डॉ. एरच भरुचांनी उभी केलेली. राज्याबाहेर देहरादूनचं भारतीय वन्यजीव संस्थान आणि वन संशोधन संस्था, बंगळूरचं एनसीबीएस (जीवशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र), वन-व्यवस्थापनासाठी भोपाळचं आयआयएफएम. वन्यजीवांच्या एमएस्सीला जागा अगदी थोड्या आणि दरवर्षी प्रवेश असतोच असं नाही, म्हणून त्या एकावर भिस्त ठेवू नये. साध्या बीएस्सीचा फायदा असा की घराजवळ होते आणि खर्च कमी. तोटा असा की तीन वर्षांत दोन सहली सोडल्या तर मूल प्रयोगशाळेतच राहतं. जी मुलगी आपणहून वही ठेवते तिला मी चार वर्षांच्या वनशास्त्रालाच पाठवलं असतं.

एक खंत आहे. जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. २०२० च्या मुदतीच्या धास्तीने खूप ठिकाणी ती घाईत उरकली गेली. माझ्या दोन विद्यार्थिनींना एका महिन्यात अकरा गावं दिली होती. एका गावच्या म्हातारबाबांना देवराईतल्या प्रत्येक झाडाचं नाव येत होतं, त्यांच्यापाशी बसायला यांना एक दुपारसुद्धा मिळाली नाही. पुढच्या वर्षी ते गेले. या नोंदवह्या पुन्हा नीट व्हायला हव्यात आणि त्याला गावातलीच शिकलेली मुलं हवीत.

मुळामुठा | ६ जून, सकाळी ११.००

आजोळ मॅडम, अनुमोदन. आयटीत असतानाच प्रकाश गोळे सरांनी सुरू केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीचा नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम मी केला. ज्यांना तिशी-चाळिशीत या विषयाकडे यावंसं वाटतं त्यांनी हा जरूर बघावा. नोकरी त्यातून मिळाली नाही. पण माझ्या सोसायटीतल्या ओढ्याला घालणार होते ती भिंत आम्ही थांबवली, ते त्या वर्षात शिकलो म्हणून.

एल्बेकाठी | ६ जून, दुपारी ३.४०

जर्मनीतून लिहितोय. ड्रेस्डेनजवळ थारांट नावाचं गाव आहे, तिथे १८११ पासून वनशास्त्र शिकवतात. उष्णकटिबंधीय वनशास्त्राची एमएस्सी इंग्रजीतून आहे, शिकवणी शुल्क नाही, राहण्या-खाण्याचा खर्च मात्र दाखवावा लागतो. आपल्या देशातल्या वनखात्याचे १८६४ मधले पहिले महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस जर्मनच. माझ्या वर्गात कर्नाटक, केरळची मुलं होती, महाराष्ट्राचा मी एकटा. मुलीला चार वर्षांनी काही विचारायचं असेल तर मी इथेच आहे.

तिवर | ६ जून, सायंकाळी ६.१५

किनाऱ्याचंही लिहून ठेवते. २०१२ पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन (खारफुटी) कक्ष आहे, त्यांच्याकडे प्रकल्पांवर तरुण मुलं घेतात. दापोलीला गेलीच तर कासवांचे किनारे आंजर्ले आणि वेळास तिथून फार लांब नाहीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, गावानेच पुढे ते उचलून धरलं. पिल्लं वाळूतून वर येतात तेव्हा सगळा किनारा श्वास धरून बसतो. एकदा बघितलं की विसरत नाही.

दुधनाकाठ | २१ जून, रात्री १०.१०

मंडळी, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. तिला घेऊन दापोलीला जाऊन आलो. पाऊस मी म्हणत होता. आमच्याकडे वर्षात पडतो तेवढा तिथे एका पंधरवड्यात पडत असावा. कॉलेजच्या आवारात तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली भेटल्या, एक बीडची, एक धुळ्याची. दोघी रेनकोट घालून रोपवाटिकेत पिशव्या लावत होत्या. माझी पोर बोलता बोलता चपला काढून त्यांच्यात जाऊन बसली. मी शेडखाली दीड तास उभा होतो. कुणी मला बोलावलं नाही, मीही हाक मारली नाही.

पळसबीट ताईंचा प्रतिसाद तिच्या आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, पहिल्या दिवशी हॉस्टेलची कडी मी स्वतः बघून येईन.

पसंतीक्रमात पहिलं दापोली, दुसरं अकोला टाकलंय. प्रक्रिया चालू आहे.

आता घरात नवाच वाद आहे, किंजळ यांनीच तो सोडवावा. पोरगी १.३७ वर बांधावरची सगळी झाडं मोजत सुटलीय. विहिरीपाशी एक कडुनिंब आहे, कमरेएवढ्या उंचीवर त्याच्या दोन खांद्या फुटल्यात. ती म्हणते हे दोन मोजायचे. आजी म्हणते एका मुळाचं झाड दोन कसं होईल?

किंजळ | २१ जून, रात्री १०.४०

१.३७ च्या खाली फुटलंय ना? मग मोजताना दोन, दोघांचे घेर वेगळे घ्यायचे. वर फुटलं असतं तर एक. पण एकच मूळ आहे ही नोंद शेऱ्याच्या रकान्यात नक्की करायची. आजीचंही बरोबर आहे.

दुधनाकाठ | २१ जून, रात्री ११.०५

वाचून दाखवलं. वहीत १४ आणि १४-अ झालंय. शेरा आजीने सांगितला, पोरीने जसाच्या तसा लिहिला : "मूळ एक. ह्यांनी लावलेलं, विहीर खणली त्या साली."